काकूंचा जिना

(चेन्नईतील पेरुंगुडी येथे काकूंच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानाचा मजकूर)



मघाशी तुम्ही वर येत होतात तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. स्वागताला उभी आहे असं तुम्हाला वाटलं असेल. खरं तर मी तुमचे गुडघे बघत होते. फिजिओथेरपी करणाऱ्या माणसाची ही खोड निवृत्तीनंतरही जात नाही. या सभागृहाला बावीस पायऱ्या आहेत. अकरा जणांनी कठडा धरला, चौघांनी मांडीवर तळवा दाबून स्वतःला वर रेटलं, आणि एक गृहस्थ मधल्या वळणावर थांबून खिशातून मोबाइल काढून बघत राहिले. त्यांना फोन आलेला नव्हता. ते आत्ता हसताहेत, म्हणजे त्यांना कळलं मी कुणाबद्दल बोलतेय ते.

उतरताना कसं होतं तेही मी बघणार आहे. पण ते शेवटी.

काकूंना इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलेलं आहे. बाकीच्यांसाठी सांगते. काकू मूळच्या सांगलीच्या. यजमानांच्या नोकरीपायी मद्रासला आल्या आणि इथल्याच झाल्या. या ओएमआरवर, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, आयटीच्या इमारती उभ्या राहिल्या, पुण्या-नाशकाकडची पोरं इथे नोकरीला आली, तेव्हा त्यांच्या मुलांना रविवारी मराठी वाचायला शिकवायच्या त्या काकूच. २००७ साली लोकलचा वेळचेरीपर्यंतचा उन्नत मार्ग सुरू झाला आणि पेरुंगुडीला स्टेशन आलं, तेव्हापासून त्यांचा एक नेम होता. दर शुक्रवारी गाडी पकडायची, तिरुमयिलैला, म्हणजे मैलापूरला, उतरायचं, कपालीश्वराचं दर्शन घ्यायचं, देवळाभोवतीच्या माड रस्त्यांवरून भाजी घ्यायची आणि परत. शिवाय इथे मिळते ती भाजी शिळी असते, हे मत जोडीला.

पेरुंगुडीचं स्टेशन उंच खांबांवर आहे. म्हणजे जिने आले.

एके दिवशी काकू एक्स-रे घेऊन माझ्याकडे आल्या. मी तो खिडकीच्या उजेडाला धरला आणि म्हणाले, "काकू, झीज झालीय. आता जपा." इतकंच. एका वाक्यात मोकळी झाले. काकू शिस्तीच्या. त्यांनी जपलं. आधी स्टेशन बंद केलं, मग गच्चीवर जाणं बंद केलं, मग खाली फुलवालीकडे जाणं. दीड वर्षाने त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले तेव्हा त्यांना सोफ्यावरून उठताना दोन हातांचा आणि एका सुनेचा आधार लागत होता. गुडघा होता तसाच होता. मांडी मात्र निम्मी झाली होती. मी सांगितलेलं त्यांनी तंतोतंत ऐकलं, ही माझी स्वतःविरुद्धची तक्रार आहे, आणि आजचं व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्याची दुरुस्ती आहे.

'झीज' हा शब्दच घ्या. आपण म्हणतो गुडघा झिजला, वाटी घासली, वंगण संपलं, गॅप गेली. इथले शेजारी म्हणतात 'मूट्टु तेय्मानम'. तेय्मानम म्हणजे झीजच. दोन भाषा, एकच चित्र: गुडघा म्हणजे सायकलची चेन किंवा चपलेची टाच, वापराल तितकी संपणार. हे चित्र एकदा डोक्यात बसलं की माणूस हिशेबाने चालायला लागतो. उरलेला गुडघा पुरवून पुरवून वापरायचा.

पण टाच रात्रीतून स्वतःची डागडुजी करत नाही. सांधा करतो, किंवा निदान करायचा प्रयत्न करतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आतबाहेर व्हायला दाब पडावा लागतो आणि सुटावा लागतो. पाण्यातला स्पंज दाबून सोडल्यासारखं. पाऊल टाकलं, दाब आला. उचललं, दाब गेला. चालणं हा गुडघ्याचा खर्च आहे तसंच ते त्याचं जेवणही आहे. आमच्या धंद्यातल्या लोकांनी ही दुसरी बाजू रुग्णांना सांगायला फार वेळ लावला.

आता कूर्चेत मज्जातंतूच नाहीत, तर मग दुखतं काय? कूर्चेखालचं हाड दुखतं, सांध्याचं अस्तर सुजतं ते दुखतं, भोवतालची पिशवी ताणली जाते ती दुखते. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणं यांची जोडी नेहमी जुळत नाही. फोटोत गुडघा भयंकर दिसतो आणि माणूस पंढरीची वारी करून येतो. फोटो बरा असतो आणि माणसाला पलंगावरून उठवत नाही. एक्स-रेवरून झिजेच्या पायऱ्या ठरवण्याची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली, ती अजून वापरतात. ती उपयोगी आहे. पण ती हाडांची पायरी आहे, दुखण्याची नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडचा जुना वैद्य फोटोशिवायच नेमक्या जागी पोचला होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात संधिगत वाताची लक्षणं दिली आहेत. सुजलेला सांधा हाताला हवा भरलेल्या पखालीसारखा लागतो, आणि तो पसरताना व आखडताना दुखतो, असं तिथे सांगितलं आहे. दुखणं हालचालीत शोधायचं, हे त्याने ओळखलं होतं. कुठली हालचाल किती दुखवते, ते मोजायची साधनं मात्र त्याच्याकडे नव्हती.

ती आता आहेत. बर्लिनच्या शारिते इस्पितळातल्या मंडळींनी एक विलक्षण गोष्ट केली. कृत्रिम गुडघा बसवायचाच होता अशा पाच रुग्णांना त्यांनी आत भार मोजणारी यंत्रणा असलेले सांधे बसवले. माणूस चालतो, उठतो, जिना उतरतो आणि गुडघा स्वतःच बिनतारी संदेशाने सांगतो की माझ्यावर आत्ता किती ओझं आहे. २०१० साली त्यांचे आकडे छापून आले. पाचच माणसं आणि गुडघे बदललेले, हे लक्षात ठेवू. तरी हे थेट गुडघ्याच्या आतलं मोजमाप आहे.

सत्तर किलोच्या बाई धरा. दोन पायांवर नुसत्या उभ्या राहिल्या तर एका गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या १०७ टक्के भार, म्हणजे पंचाहत्तर किलो. सपाटीवर चालताना २६१ टक्के. खुर्चीतून उठताना २४६. जिना चढताना ३१६. आणि जिना उतरताना ३४६ टक्के, म्हणजे दोनशे बेचाळीस किलो. एका पायरीला, एका गुडघ्यावर.

सत्तर किलोच्या बाईचे दोनशे बेचाळीस किलो होतात कसे, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. उत्तर पहारीत आहे. मोठा दगड उलथायचा तर पहारीच्या लांब टोकाला थोडं बळ पुरतं. आखूड टोकाकडून उलथायला गेलात तर कितीतरी पट लावावं लागतं. गुडघ्यात शरीराचं वजन पहारीच्या लांब टोकाला आहे आणि मांडीचा स्नायू आखूड टोकाला. वाकलेला गुडघा कोसळू नये म्हणून स्नायूला वजनाच्या कितीतरी पट ओढावं लागतं, आणि ती सगळी ओढ शेवटी सांध्यावरच दाबून बसते. गुडघा जितका वाकलेला, तितकं पहारीचं लांब टोक आणखी लांब.

मग चढण्यापेक्षा उतरणं जड का? सगळ्यांचा अनुभव तसाच आहे. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या दमत का होईना चढून जाणारे लोक उतरताना आडवे पाय टाकतात. चढताना दम लागतो, म्हणून आपल्याला वाटतं की मेहनत तिथे आहे. ती छातीची मेहनत. उतरताना सगळं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर तोललेलं असतं आणि मांडीचा स्नायू लांब होत होत ब्रेक लावत असतो. खंडाळ्याचा घाट उतरताना ड्रायव्हर गाडी न्यूट्रलमध्ये सोडत नाही, गिअरमध्ये ठेवतो. मांडी हा आपला गिअर आहे. ती बारीक झाली की गाडी न्यूट्रलमध्ये उतरते आणि प्रत्येक पायरीला हाडावर आदळते. काकूंचं नेमकं हेच झालं होतं. जिना टाळून टाळून त्यांनी जिना उतरवणारा स्नायूच घालवला, आणि त्यांना तसं करायला मीच सांगितलं होतं.

गुडघ्याला आपण बिजागरी म्हणतो, तेही तितकंसं खरं नाही. दाराची बिजागरी एकाच खिळ्यावर फिरते. गुडघा फिरता फिरता घसरतो आणि त्याचा फिरण्याचा बिंदूही सरकत राहतो. इथून हाकेच्या अंतरावर, आयआयटी मद्रासच्या पुनर्वसन-संशोधन केंद्राने मांडीपासून पाय गेलेल्यांसाठी असा सरकत्या बिंदूचा देशी बनावटीचा गुडघा केला आणि २०२२ साली तो बाजारात आणला. त्याचं नाव 'कदम'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणी साताऱ्याकडचे कदम असतील संशोधक. मग कळलं, कदम म्हणजे पाऊल. असो.

आता बसण्या-उठण्याकडे येऊ, कारण घरात जिन्याहून जास्त वेळा तेच होतं. मऊ, खोल सोफा गुडघ्याचा वैरी आहे, हे मी लग्न ठरलेल्या मुलामुलींनाही सांगते, फर्निचर घेण्याआधी. बैठक जितकी खाली तितका गुडघा जास्त वाकलेला असताना उठावं लागतं. खुर्चीखाली चार बोटांचे ठोकळे लावले, किंवा बसायला जाड घट्ट उशी घेतली, तर तोच माणूस हात न टेकता उठतो. आणि उठण्याआधी पुढे सरकून पाय गुडघ्यांच्या मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं. वजन पायांवर आलं की उठणं सोपं होतं. वयस्क माणसं मागे रेलून, छातीने उठू बघतात, आणि मग सून लागते.

उकिडवं बसण्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, आपले पूर्वज उकिडवे बसत म्हणून त्यांचे गुडघे चांगले होते. दुसरं, उकिडवं बसल्यानेच सगळं बिघडतं. बीजिंगमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत, २००४ साली ती प्रसिद्ध झाली, तरुणपणी दिवसातून कित्येक तास उकिडवे बसणाऱ्या लोकांत म्हातारपणी गुडघ्याची झीज जास्त आढळली. तास, हे महत्त्वाचं. शौचाला पाच मिनिटं बसणं आणि दिवसभर बसून भांडी घासणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचा गुडघा दुखू लागला आहे त्याने कमोड वापरावा, मांडी घालून जेवायचा हट्ट सोडावा, पूजेला पाटाऐवजी स्टूल घ्यावं. देव काही म्हणत नाही. ज्याचा दुखत नाही त्याने जमिनीवर बसणं सोडू नये.

आणि एक निरीक्षण, याला शास्त्राचा आधार वगैरे मागू नका. आपण रांगोळी बसून काढतो. इथे सकाळी दारोदारी बायका उभ्याने कमरेतून वाकून कोलम घालतात, गुडघे जवळजवळ ताठ. त्यांची कंबर काय म्हणत असेल तो वेगळा विषय, पण काकूंना मी शेवटी हेच सांगितलं की रांगोळी सोडू नका, तमिळ पद्धतीने घाला. त्यांनी दोन दिवस वाद घातला आणि तिसऱ्या दिवशी घातली.

वजनाबद्दल बोललं की लोक खाली बघतात, म्हणून एकच हिशेब देते. अमेरिकेत वजन जास्त असलेल्या आणि गुडघे दुखणाऱ्या वयस्कांचा एक अभ्यास २००५ साली छापला गेला. अंगावरचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचं चार किलो ओझं कमी होतं, असं त्यात दिसलं. दिवसाला पाच हजार पावलं, म्हणजे एका गुडघ्याची अडीच हजार. गुणाकार करा: दिवसाला दहा टन. एका किलोत. वीस किलो उतरवायचं स्वप्न बघून काहीच न करणाऱ्यांनी हा एका किलोचा हिशेब घरी न्यावा.

काठीचं सांगते. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि उजवं पाऊल पडताना काठीही टेकायची. सिनेमातले सगळे म्हातारे ती चुकीच्या हातात धरतात. उंची मनगटाच्या घडीपर्यंत. आपल्या लोकांना काठीची लाज वाटते. ट्रेकिंगला जाताना मात्र तीच काठी हजार रुपयांना घेतात आणि दोन घेतात. मग ट्रेकिंगचीच घ्या.

गोळ्या आणि शस्त्रक्रिया यांवर मी थोडंच बोलणार आहे, कारण त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगायला या रस्त्यावर फलकांची कमी नाही. 'वंगणा'च्या म्हणून खपणाऱ्या ग्लुकोसामाइनची अमेरिकेत पंधराशेहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. २००६ साली निकाल आला की एकंदरीत खोट्या गोळीपेक्षा ती सरस ठरत नाही. दुर्बिणीने गुडघा 'साफ' करण्याचं त्याहून नवलाचं. ह्यूस्टनमध्ये काही रुग्णांची खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींना नुसते वरचे छेद देऊन टाके घातले. दोन वर्षं पाहिलं. नुसते छेद दिलेले लोक खऱ्या शस्त्रक्रियेवाल्यांइतकेच बरे होते. हे २००२ साली प्रसिद्ध झालं.

गुडघा बदलणं ही मात्र खरोखर चांगली शस्त्रक्रिया आहे, वेळ आली असेल तर. तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडीत ऑक्टोबर २००० मध्ये बदलला गेला आणि उजवा पुढच्या वर्षी. त्यानंतर ही गोष्ट आपल्या घराघरांत बोलली जाऊ लागली. ती शस्त्रक्रिया करणारे, न्यूयॉर्कहून आलेले सर्जन होते चित्तरंजन राणावत. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ घाट १९७०च्या दशकात बसवणाऱ्या चमूत ते होते. आपल्या पुण्याच्या डॉक्टर कांतिलाल संचेती यांनी 'इंडस' हा भारतीय बनावटीचा गुडघा घडवला. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची तेव्हा ५४,७२० रुपये होती, कर वेगळा. बिल बघताना सध्या लागू असलेली मर्यादा विचारून घ्या, कामाला येते. पण बदललेल्या गुडघ्यालाही मांडी लागते. आधी मांडी कमवून गेलेला रुग्ण नंतर लवकर चालतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

काकूंकडे परत येते. हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेले आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू दे, काय करायचं ते सांग." आम्ही एका उंच खुर्चीपासून सुरुवात केली. हात छातीवर बांधून उठायचं आणि सावकाश बसायचं. बसायला उठण्याच्या दुप्पट वेळ, कारण ब्रेक तिथेच तयार होतो. पहिल्या दिवशी तीनदा. दहा वेळा जमायला लागलं की एक ठोकळा काढायचा, खुर्ची खाली आणायची. मग जिन्याची एकच पायरी: चढायचं, उतरायचं, पुन्हा. मधे झोपून, पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा.

दुखेल का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो सगळ्यांचाच असतो. दुखेल. किती दुखलेलं चालतं याचा एक साधा नियम आम्ही वापरतो. व्यायाम करताना दुखणं सोसवेल इतकंच हवं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळइतकाच असावा. जास्त दुखला किंवा सुजला तर काल जास्त झालं. आज कमी करा, पण बंद करू नका. बराच वेळ बसून उठल्यावर पहिली चार पावलं आखडतात आणि मग पाय सुटतो, हा या आजाराचा स्वभाव आहे. त्याला घाबरून पाचवं पाऊल टाकायचं सोडू नये. मात्र गुडघा लालबुंद आणि गरम झाला, ताप आला, किंवा सांधा एका जागी अडकून बसला, तर व्यायाम नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

पाच महिन्यांनी, एका शुक्रवारी, आम्ही दोघी पेरुंगुडी स्टेशनवर गेलो. काकूंनी जिन्याखाली उभं राहून वर पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तू मागून ये. पडले तर झेलायला." चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे त्या मुलांचे पाढे घेतल्यासारखं मोठ्याने म्हणत होत्या. दर पायरीवर दोन्ही पाय आणत गेलो. एक गाडी चुकली, दुसरी मिळाली. मैलापूरला भाजी मी उचलली. त्या रात्री त्यांचा गुडघा दुखला. शनिवारी सकाळी मी फोन केला तर म्हणाल्या, कालच्याइतकाच आहे.

नंतरची सहा वर्षं त्या जात राहिल्या. दर शुक्रवारी नाही, जमेल तेव्हा. गुडघा त्यांनी बदलला नाही. गेल्या त्या हृदयाच्या आजाराने.

आयोजकांना एक विनंती आहे. काकूंच्या नावाचं व्याख्यान पुढच्या वर्षी तळमजल्यावर ठेवा. जिना चढायची सवय घरी करता येते. व्याख्यानाला येणाऱ्याची ती परीक्षा असू नये. आणि आता खाली जाताना: कठडा डाव्या हाताला आहे, दुखरा पाय आधी, मधल्या वळणावर थांबायचं असेल तर मोबाइल काढायची गरज नाही. चहा खालीच ठेवला आहे.